एक मिनिट बावन्न सेकंद

मी रफू करतो. सिगारेटने जळलेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली पँट, उंदराने कुरतडलेली शाल, असलं सगळं माझ्याकडे येतं आणि फाटलं होतं कुठे ते मालकालाही सापडू नये अशा अवस्थेत परत जातं. एकोणचाळीस वर्षं हेच करतोय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो उद्योग केला तो साध्या शिंप्याने केला नसता. ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही आणि तसं कबूल करायची लाजही वाटत नाही, अशा माणसाने तर मुळीच केला नसता. असल्या उद्योगाला माझ्यासारखाच कुणीतरी लागतो.

माझी बायको दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. बावीस वर्षं. पेशंटच्या गळ्यात तो जड शिशाचा अॅप्रन अडकवायचा, तोंडात फिल्म धरायला लावायची, 'हलू नका' म्हणायचं, भिंतीमागे जायचं, बटण दाबायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटने तिला विचारलं, "बाई, हे किरण गालातून आरपार जातात आणि दातापाशीच कसे काय अडतात?" ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर म्हणाले, "आ करा."

म्हातारा गेला, पण प्रश्न आमच्या घरी राहायला आला. ती जेवताना थांबायची. "अहो, बावीस वर्षं मी ते बटण दाबतेय आणि मला माहीतच नाही मी काय करतेय." मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत आहे सुईला भोक कोण पाडतं. माझं अडलंय का काही? आठवडाभराने कळलं की बाईसाहेबांनी ऑनलाइन विद्यापीठात नाव घातलंय. विषय, आधुनिक भौतिकशास्त्र. सोळा आठवड्यांचा कोर्स, दर आठवड्याला एक प्रश्नसंच, आणि सोबतीला मुलाने जुना म्हणून देऊन टाकलेला टॅबलेट.

मी छळायचं काही बाकी ठेवलं नाही. पन्नाशी उलटली की लोक गुडघ्यांना तेल चोळतात, आमच्याकडे इलेक्ट्रॉन चोळतात, असं मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. घरी आलो की दारातूनच विचारायचो, "काय गं, कुठवर आला तुझा इलेक्ट्रॉन?"

"ते तो सांगत नाही," ती म्हणायची. "तुमच्यातलाच आहे."

ती संध्याकाळी सहा ते आठ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. कानात ते इअरफोनचं बोंडूक, समोर टॅबलेट, आणि ओठ हलत असायचे. पहिले सहा आठवडे नुसत्या खुणा करायच्या होत्या, चार उत्तरांतलं बरोबर ओळखा म्हणून. सहाही आठवडे ती पास झाली. सातव्या आठवड्यापासून नियम बदलला. आता उत्तर बोलून द्यायचं होतं. तीन प्रश्न, पाच मिनिटांच्या आत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आवाजात. तिचं चार दिवस चाललं होतं की मला सुचेल का, माझी ततपप होईल. मी म्हटलं, माझ्याशी बोलताना तर कधी होत नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी ती रेकॉर्डिंगला बसली. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात, एका पेशंटच्या गळ्यात अॅप्रन अडकवता अडकवता, खाली पडली. मेंदूत रक्तस्राव. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिचा डबा आणि चष्मा डॉक्टरांनी एका पिशवीत घालून ठेवला होता. डबा भरलेला होता. त्याचं मी काय केलं ते मला आठवत नाही.

मुलगा आला. आमचा मुलगा सरळमार्गी आहे, कामाला वाघ. दुसऱ्या गावी नोकरी करतो, बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. आठ दिवस राहिला आणि आठ दिवसांत आईचं नाव त्याने जगातून पुसून काढलं. बँकेत गेला, नाव कमी केलं. फोनच्या कंपनीत गेला, नंबर बंद केला, आणि फोन धुऊनपुसून कुणा गरजवंताला देऊनही टाकला. माझ्या भल्यासाठीच करत होता, मला नंतर हेलपाटे नकोत म्हणून. पण मला तेव्हा वाटायचं, हा मुलगा नव्हे, खोडरबर आहे. तो टॅबलेटकडे वळायच्या आत मी टॅबलेट उचलला, दुकानात नेला आणि चिंध्यांच्या गाठोड्यात खुपसून ठेवला. त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, तो बिघडला होता, टाकला. टॅबलेट हवा होता असं नाही. तिची एक तरी वस्तू कुणी आवरू नये, एवढंच.

दोन महिने तो तसाच पडून होता. मग एका दुपारी गाठोड्यातून तपकिरी लोकर शोधताना हाताला लागला. शेजारच्या छपाईवाल्याने त्याच्या इंटरनेटचा आकडा दिला, चार्जर दिला. टॅबलेट सुरू झाला तर समोर विद्यापीठाचं पानच उघडं, आणि त्यावर शिकवणाऱ्या बाईंचे तीन निरोप. पहिला, सातव्या आठवड्याचा प्रश्नसंच अपूर्ण दिसतो, काही अडचण आहे का. दुसरा, आपण बरेच दिवस दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना. तिसरा त्याच दिवशीचा, नियमाचा होता. बारा आठवडे काहीच पाठवलं नाही तर नोंदणी रद्द होते आणि खात्यातलं सगळं साहित्य पुसलं जातं. आपल्याकडे तेवीस दिवस उरले आहेत. आपलं अपूर्ण रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं आहे, ते पूर्ण करून पाठवावं.

रेकॉर्डिंग? मी बोट लावलं.

"हं. सुरू झालं वाटतं." तिने घसा साफ केला. दुकानात, त्या चिंध्यांत, ती माझ्या पुढ्यात बसून घसा साफ करत होती. मी हातातली लोकर तशीच धरून ठेवली.

"तर पहिला प्रश्न. क्ष-किरणाचा फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळला की काय होतं. आता मी दातांचे एक्स-रे काढते, बावीस वर्षं झाली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोपं करून सांगते. समजा, आमचे हे. हे दुकानातून तावातावाने घरी येतात. दारात मी भेटते. त्यांच्या रागातला थोडा माझ्यावर निघतो, त्या धक्क्याने मी इकडे जाते, आणि उरलेला राग घेऊन हे वळतात आणि तिकडे, म्हणजे न्हाणीघराकडे जातात. एकूण राग तेवढाच. फक्त वाटणी झाली. फोटॉनचं अगदी तसंच." इथे ती हसली. तोंडावर हात ठेवून हसायची ना, तशी. "दुसरा प्रश्न. तरंगलांबी का वाढते. कारण फोटॉनची ऊर्जा कमी झाली, आणि ऊर्जा कमी म्हणजे लांबी जास्त. जेवढा जास्त वळेल तेवढी जास्त वाढेल. सरळ पुढे गेला तर काहीच नाही, उलट फिरला तर सगळ्यात जास्त. आता तिसरा. हे साध्या उजेडात का दिसत नाही. माझ्या मते असं आहे, की—"

आणि तिथे एक आवाज आला. दाराबाहेरून, चिडका, खरखरीत.

"अगं ए! झालं का तुझं पुराण? माझी कात्री कुठे टाकलीस?"

"आले," ती म्हणाली. आणि खट्.

एक मिनिट बावन्न सेकंद. ओरडणारा मी होतो. कात्री माझ्याच खिशात होती, तेही आठवलं. त्या दिवशी कात्री खिशात सापडल्यावर मी तिला सॉरीसुद्धा म्हणालो नव्हतो. उलट, विचारायला आलीच आहेस तर पाणी तरी आण, म्हणालो होतो. मग जेवणं झाली, ती दमली होती, टॅबलेट बंद करून झोपली. ती तिसरं उत्तर सांगणार होती. तिला ते येत होतं. मी मध्ये तोंड घातलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी अर्धं शटर ओढून ते ऐकायचो. दिवसातून एकदाच, जास्त वापरलं तर झिजेल असं वाटायचं. तिचं हसू सत्तेचाळिसाव्या सेकंदाला येतं. मी आधीपासून वाट बघायचो. आणि शेवटी माझा आवाज यायचा आणि दर वेळी मी दचकायचो, जसं कुणी दुसराच माझ्या बायकोवर ओरडतोय आणि मी त्याला अडवू शकत नाहीये. तिच्या आवाजाचं जगात तेवढंच उरलं होतं. बाकीचं सगळं माझ्या सरळमार्गी पोराने धुऊन टाकलं होतं.

तेवीस दिवस. बाईंना खरं सांगितलं असतं तर त्यांनी नियमाप्रमाणे खातं त्याच दिवशी बंद केलं असतं, असं मी धरून चाललो. मुलाला सांगितलं असतं तर तो धावत आला असता आणि पुन्हा आवराआवर सुरू झाली असती, असंही धरून चाललो. माझा फोन बटणांचा, त्यात कसलं काय उतरवणार. राहिला एकच मार्ग, ते पाठवून द्यायचं. पानावर खाली हिरवं बटण होतं, 'सादर करा'. जसं आहे तसं, दोन प्रश्नांवरच, दाबलं असतं तर काम झालं असतं. तेवढं मलाही कळत होतं. बोट त्या बटणावर गेलंसुद्धा होतं.

पण अर्धवट रफू केलेला कोट मी आजवर कुणाला दिलेला नाही. गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या हो, घाई आहे, नाही दिसत. मी म्हणतो, मला दिसतं. तिचं काम माझ्यामुळे अर्धवट राहिलं होतं, ते मी पुरं करणार होतो. तिसरं उत्तर मी देणार होतो. माझ्या डोक्यात हे असं ठाण मांडून बसलं, की दुसरं काही सुचेनाच.

आता कल्पना करा. नववी नापास माणूस, समोर फोटॉन. मी सातव्या आठवड्याची व्हिडिओतली शिकवणी लावायचो. एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ पाटीवर काहीतरी लिहायचे आणि म्हणायचे, 'हे उघडच आहे.' मला झ्याट काही उघड नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी वही आणली. ते बोलतील ते अक्षरन् अक्षर उतरवून घ्यायचं, मग दिवसभर सुई चालवत त्यावर विचार करायचा. काही दिवस असे गेले की मला वाटलं, माझं डोकं म्हणजे ठार दगड आहे. ती रोज दोन तास हे करायची आणि वर माझं जेवण वाढायची. मी एकदा तरी विचारायला हवं होतं, की कसं आहे ते, कठीण आहे का. मी इलेक्ट्रॉनची चौकशी केली, तिची नाही.

सूत्रात एक शब्द होता, कोसाईन. त्यावर गाडी रुतली. एक निवृत्त गणिताचे मास्तर माझे जुने गिऱ्हाईक आहेत, एकच कोट पंधरा वर्षं रफू करून घालतात. ते आले तेव्हा मी विचारलं, "मास्तर, कोसाईन म्हणजे काय?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? कोट बेतायला घेतलाय का त्रिकोणी माणसाचा?"

"सांगा ना."

त्यांनी माझी कात्री उचलली. बंद कात्री, कोन शून्य, कोसाईन एक. काटकोनात उघडली, कोसाईन शून्य. पार उलटी, एका सरळ रेषेत, तर उणे एक. "बास एवढंच," म्हणाले. "एवढ्यावर मी छत्तीस वर्षं पोरं रडवली." मी ते वहीत काढून घेतलं, तीन कात्र्या. संध्याकाळी सूत्र पुन्हा मांडलं आणि पहिल्यांदाच काहीतरी हाललं. सरळ गेला तर वाढ शून्य. उलट फिरला तर दुप्पट. तिने दुसऱ्या उत्तरात सांगितलं होतं तेच! ती बरोबर होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणालो, "अगं, बरोबर आहे गं तुझं." आणि मग दुकानात कुणीच नाही हे लक्षात आलं. रडू आलं. मी हल्ली कुठेही रडतो, त्याचं काही वाटेनासं झालंय.

तिसरा प्रश्न सुटला तो विसाव्या दिवशी, एक मलमलीचा झगा हातात असताना. लांबीत होणारी वाढ नेहमी साधारण तेवढीच असते, किरण कुठलाही असो. क्ष-किरणाची स्वतःची लांबीच एवढीशी, की त्यात ती वाढ तिसातला एक भाग होते. साध्या उजेडाची लांबी त्याच्या हजारो पट, त्यात तीच वाढ दोन लाखांतला एक भाग. मलमलीत एक धागा सरकला तर उघड दिसतो. जाड ब्लँकेटमध्ये तोच धागा तेवढाच सरकला तर कुणाच्या बापाला कळत नाही. सरकला नाही असं नव्हे, दिसत नाही. एवढंच होतं हो ते सगळं. हेच ती सांगणार असेल का? तिचं उदाहरण वेगळं असणार, बहुतेक पुन्हा माझंच काहीतरी.

दोन दिवस मी तयारी केली. कागदावर लिहिलं, पाठ केलं. बाविसाव्या दिवशी दुपारी शटर पुरतं खाली ओढलं, शेजारच्याला सांगितलं की तासभर मशीन लावू नको.

आता नीट ऐका, कारण मी निष्काळजीपणा केला नाही. माझ्या दुकानात वीस वर्षं कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. मी स्वतः गाणी भरायचो. टेपवर नवीन भरायचं असेल तर आधीचं शेवटपर्यंत वाजू द्यायचं, टेप पुढे न्यायची, आणि मग लाल बटण दाबायचं. म्हणजे नवं जुन्याच्या पुढे लागतं. मध्येच दाबलं तर जुनं पुसलं जातं. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी तिचं सगळं आधी वाजू दिलं. घसा साफ केला, फोटॉन, न्हाणीघर, हसू, दुसरा प्रश्न, माझं ओरडणं, 'आले', खट्. पार शेवटाला गेलं, याची खात्री केली. वर दोन श्वास थांबलो, जागा सुटावी म्हणून. आणि मग लाल बटण दाबलं.

छान बोललो मी. अडखळलो नाही. मलमल सांगितली, ब्लँकेट सांगितलं, तिसातला एक, दोन लाखांतला एक. शेवटी "धन्यवाद" म्हणालो. मग हिरवं बटण दाबलं. पानावर आलं, 'आपला प्रश्नसंच सादर झाला आहे. नोंदणी कायम आहे.' मला हुश्श झालं. कितीतरी दिवसांनी मला वाटलं की मी तिच्यासाठी काहीतरी धड केलं. आता तिचं आणि माझं एकापुढे एक ऐकावं म्हणून मी बोट लावायला गेलो. माझं एक मिनिट दहा सेकंदांचं झालं होतं, ते मी घड्याळ लावून मोजलं होतं. म्हणजे सगळं मिळून तीन मिनिटं दोन सेकंद व्हायला हवं होतं.

पानावर लिहिलं होतं, एक मिनिट दहा सेकंद.

मी वाजवलं. "तिसरा प्रश्न," माझा आवाज म्हणाला. मी पुन्हा वाजवलं. मागे गेलो, पुढे गेलो, टॅबलेट बंद करून चालू केला, उलटा केला, झटकला. कपडा झटकतात तसा झटकला. प्रत्येक वेळी "तिसरा प्रश्न". त्याच्या आधी काही नाही. मी खाली फरशीवर बसलो. शेजारचा शटर वाजवत होता, मशीन लावू का म्हणून विचारत होता.

मी बाईंना निरोप टाकला. एक एक अक्षर शोधून. 'जुना आवाज परत द्या. मी त्यांचा नवरा.' खाली दुकानाचा नंबर लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज तरुण होता, मुलीसारखा. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी.

"काका," त्या म्हणाल्या, "एका प्रश्नसंचाला एकच रेकॉर्डिंग राहतं हो. नवीन केलं की जुनं जातं. ते वरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं."

"पण मी शेवटपर्यंत नेलं होतं."

"हो. पण हे टेपसारखं नसतं."

"कुठेतरी तर असेल ना? तुम्ही ऐकलं असेल. तुमच्याकडे असेल."

"अपूर्ण असेपर्यंत ते आम्हाला ऐकू येत नाही. मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही. काल मी तांत्रिक विभागालाही विचारलं, दोनदा विचारलं. नाही काका, नाही ते. जसं होतं तसं तुम्ही नुसतं सादर केलं असतं, तरी नोंदणी राहिली असती. आणि मला कळवलं असतं, तर तांत्रिक विभागाकडून काढून मी तुम्हाला ते पाठवलं असतं. आम्ही काही राक्षस नाही हो." असं म्हणताना त्या रडत होत्या. रडतानाच त्या म्हणाल्या की मलमलीचं उदाहरण फार चांगलं आहे, इतक्या वर्षांत असं कुणी दिलं नव्हतं. मी फोन ठेवून दिला. त्यांच्यावर राग नव्हता. ज्याच्यावर होता तो तिथेच गल्ल्यामागे बसला होता.

त्या दिवशी मी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं, पण भोक बुजवायला घेतलं की हात थांबायचा.

रविवारी मुलाचा फोन आला. नेहमीची वेळ नव्हती.

"बाबा, मला एक मेल आलाय. आईच्या विद्यापीठाचा, आपोआप येतात तसला. तिने कधीतरी माझा पत्ता दिला असेल. सातव्या आठवड्याचा निकाल म्हणून. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आढळली नाहीत, तिसरं उत्तम, दहापैकी चार. अनुत्तीर्ण. बाबा, हे काय आहे? या आठवड्यात पाठवलंय कुणीतरी. आईच्या नावाने."

सहा आठवडे ती एकदाही नापास झाली नव्हती.

मी त्याला सांगितलं. टॅबलेट टाकला नव्हता, दुकानात होता, त्यात एक रेकॉर्डिंग होतं, मी रोज ऐकायचो. आणि मी ते पुरं करायला गेलो आणि ते गेलं.

"आईचा आवाज होता?" त्याने विचारलं.

"हो."

"तीन आठवडे तुमच्याकडे आईचा आवाज होता." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याला ओरडता येत नाही, तो आईवर गेलाय. "मला एक फोन केला असतात तर पाच मिनिटांत उतरवून दिला असता. पोरगी रोज विचारते, आजी कशी बोलायची. माझ्याकडे फोटो आहेत नुसते. तो फोन मी देऊन टाकला, त्यातही होतं, ते मला नंतर सुचलं. मला तेव्हापासून झोप नाही बाबा. आणि तुमच्याकडे होता."

"चुकलं रे माझं."

पलीकडे त्याची मुलगी कशासाठी तरी हट्ट करत होती, सून तिला समजावत होती. मग त्याने अगदी हळू विचारलं, "काय म्हणाली ती? सगळं सांगा. आठवेल तेवढं."

आठवेल तेवढं कसलं, मला ते शब्दन् शब्द पाठ होतं. मी सांगितलं. घसा साफ केला ते सांगितलं. क्ष-किरण, दारातली टक्कर, रागाची वाटणी, न्हाणीघर. तिथे तो हसला, नाकातून पाणी ओढत हसला. "आईच," म्हणाला. मी सांगितलं की इथे तीसुद्धा हसते, तोंडावर हात ठेवून. मग दुसरा प्रश्न सांगितला, जेवढा वळेल तेवढी जास्त. मग म्हटलं, "आता तिसरा. हे साध्या उजेडात का दिसत नाही. माझ्या मते असं आहे, की."

"की?"

"तिथे संपतं."

"का?" मुलाने विचारलं. "ती मध्येच का थांबली?"

टॅबलेट माझ्यासमोर होता. त्यात आता एक मिनिट दहा सेकंद होते आणि त्यात कुणीच कुणावर ओरडत नव्हतं.

"दूध उतू जात होतं," मी म्हणालो.